हार्डटेल घेताना पैसे नेमके कशावर खर्च करायचे?

२२ सप्टेंबर २०२५पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कर सोडून ३० हजारांची सायकल आधी ३३,६०० रुपयांना पडायची, ती आता ३१,५०० ला पडते. त्यामुळे बऱ्याच घरांमध्ये लांबणीवर पडलेला विषय पुन्हा निघाला आहे: ऑफिसला जाता येईल आणि रविवारी मुलांबरोबर फिरायलाही काढता येईल, अशी एकच सायकल हवी. कुठली घ्यायची?

दुकानात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. "एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक घ्या. पुढे शॉकअप आहे, डिस्क ब्रेक आहेत, २१ गिअर आहेत." तिन्ही गोष्टी खऱ्या असतात, पण त्यावरून निवड करता येत नाही. कारण बारा हजारांच्या सायकलला त्या असतात आणि पस्तीस हजारांच्या सायकललाही असतात. फरक असतो तो प्रत्येक वस्तूच्या आत, आणि तोच कोणी सांगत नाही. म्हणून वीस ते चाळीस हजारांच्या टप्प्यातली सायकल डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे.

माझं मत आधीच सांगतो. आपल्या रस्त्यांवर हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल, सुखाची वाटते ती मुख्यतः जाड टायर, भरवशाचे ब्रेक आणि मजबूत चाकं यांच्यामुळे. शॉकअपचा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी आहे. पैसे त्या हिशेबाने वाटायला हवेत.

## हार्डटेल कशाला म्हणतात?

पुढच्या चाकाला शॉकअप आणि मागे काहीच नाही, मागचं चाक थेट फ्रेमला बसवलेलं, अशी माउंटन बाइक म्हणजे हार्डटेल. दोन्हीकडे शॉकअप असेल तर ती फुल सस्पेन्शन. चांगली फुल सस्पेन्शन सायकल लाखाच्या घरात जाते. वीस-पंचवीस हजारांत दोन्हीकडे शॉकअप देणारी सायकल दिसली तर पुढे चला. मागची स्प्रिंग प्रत्येक पायडलला खालीवर होते, तुमची ताकद रस्त्याला लागण्याआधीच तिच्यात जिरते, सायकल जड होते आणि वर्षा-दोन वर्षांत सांधे खुळखुळायला लागतात. या किमतीत हार्डटेलच योग्य, याबद्दल मला शंका नाही.

## शॉकअपच्या आत काय असतं?

पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा म्हणजे फोर्क. त्याच्या दोन वरच्या नळ्या खालच्या नळ्यांमध्ये सरकतात आणि आत स्प्रिंग असते. नळी जास्तीत जास्त जितकी आत जाते त्याला ट्रॅव्हल म्हणतात. आपल्या टप्प्यातल्या सायकलींना तो साधारण ८० ते १०० मिलिमीटर असतो. महागड्या फोर्कमध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते आणि आपल्या वजनाप्रमाणे ती कमीजास्त करता येते. या किमतीत बहुतेक ठिकाणी धातूची स्प्रिंगच मिळते.

ही स्प्रिंग कारखान्यात एका मधल्या वजनाचा माणूस धरून बसवलेली असते. पन्नास किलोची व्यक्ती बसली तर ती जेमतेम हलते आणि नव्वद किलोची बसली तर लगेच तळाला टेकते. शिवाय स्वस्त फोर्कमध्ये नळ्या आणि बुश (नळी ज्यात सरकते ती आतली कडी) यांचं घर्षण एवढं असतं की बारीक धक्क्यांना फोर्क जागचा हलतच नाही. मोठा खड्डा आला की मगच तो दबतो. पेव्हर ब्लॉकवरची थरथर, काँक्रीट रस्त्याचे सांधे, खरवडून ठेवलेलं डांबर हे सगळं तो जसंच्या तसं मनगटाला पोचवतो. एवढं करून स्प्रिंगच्या फोर्कचं वजन अडीच किलोच्या आसपास असतं.

दुकानातच एक चाचणी करता येते. फोर्कच्या वरच्या नळीला एक साधं रबरबँड गुंडाळा आणि खाली टेकवा. भिंतीचा आधार घेऊन सायकलवर नेहमीसारखं बसा, उसळी न मारता अलगद उतरा आणि रबरबँड किती वर सरकलंय ते मोजा. १०० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या फोर्कमध्ये ते १५ ते २५ मिलिमीटर सरकलेलं असेल तर स्प्रिंग तुमच्या वजनाला जुळते. अजिबात हललं नसेल तर तो शॉकअप तुमच्यासाठी शोभेचा आहे.

फोर्कच्या एका पायावर निळी किंवा काळी फिरकी असते. ती प्रीलोडची. ती फिरवून स्प्रिंग कडक किंवा मऊ होते असं सांगतात, पण तसं होत नाही. फक्त सुरुवातीचा दाब बदलतो, स्प्रिंगचा स्वभाव तोच राहतो. दुसऱ्या पायावर लॉकआउट असेल तर ते मात्र कामाचं आहे. चढावर किंवा गुळगुळीत रस्त्यावर फोर्क बंद करता येतो आणि पायडल मारताना पुढचा भाग डुलत नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्याने लॉकआउट नसलेला फोर्क घेऊ नये.

## मग शॉकअप नसलेलीच का घेऊ नये?

हा आक्षेप अगदी रास्त आहे. रोजचा रस्ता बरा असेल आणि कुटुंबाबरोबरची रपेटही डांबरावरच होणार असेल, तर शॉकअप नसलेली आणि जरा जाड टायरची हायब्रिड (रोड सायकल आणि एमटीबी यांच्या मधली सायकल) जास्त चांगली. ती हलकी असते, कमी दमवते, आणि फोर्कवरचे वाचलेले पैसे कंपनी बहुधा गिअर-ब्रेकवर घालते.

पण पुण्यासारख्या शहरात पावसाळ्याचे चार महिने काढायचे असतील तर चित्र बदलतं. पाणी साचलं की खड्डा किती खोल आहे ते कळत नाही. चेंबरचं झाकण कुठे रस्त्याच्या वर असतं, कुठे बोटभर खाली. अंधारात पुढचं चाक अशा जागी आदळलं की साधा शॉकअपही हँडल हातातून निसटू देत नाही. मोठ्या धक्क्याला तो दबतोच, तेवढ्यासाठी तो असावा. खडकवासल्याच्या पुढे पानशेतकडे किंवा मुळशीच्या बाजूला आतल्या कच्च्या रस्त्यांनी मुलांना न्यायचं असेल तरीही हार्डटेल उपयोगी पडते. फक्त सायकलची किंमत शॉकअपवरून ठरवू नका.

## बारीक धक्के टायर झेलतो

रस्त्याला टेकते ती फक्त टायरची तळहाताएवढी जागा. आत हवा आहे आणि ती कोणत्याही फोर्कपेक्षा आधी दबते. म्हणून टायर बदलला किंवा हवा नीट भरली की सायकलचा स्वभाव बदलतो. दहा हजार जास्त देऊन जो फरक पडत नाही, तो दोन टायर बदलून पडतो.

टायरच्या बाजूवर आकडे असतात. २७.५ × २.१ याचा अर्थ चाक २७.५ इंची आणि टायर २.१ इंच रुंद. त्याच्याच शेजारी बारीक अक्षरात ५४-५८४ असंही लिहिलेलं सापडेल, म्हणजे ५४ मिलिमीटर रुंदी आणि रिमचा ५८४ मिलिमीटर व्यास. हा दुसरा आकडा जास्त भरवशाचा. २६ इंचीचा व्यास ५५९, २७.५ चा ५८४ आणि २९ चा ६२२. गंमत अशी की हायब्रिड आणि रोड सायकलच्या ७००सी चाकाचा व्यासही ६२२ च आहे. त्यामुळे २९ इंची सायकलला पुढेमागे ७००सीचे जाडसर टायर बसवता येतात, रिमची रुंदी तेवढी तपासायची.

दुकानातून सायकल येते ती मोठमोठ्या गुठळ्यांच्या टायरवर. त्या गुठळ्या चिखलासाठी आणि सैल मातीसाठी आहेत. डांबरावर त्या प्रत्येक फेरीला वाकतात, गुणगुण आवाज करतात आणि आपली ताकद खातात. ओल्या रस्त्यावर गुठळ्यांमुळे पकड वाढते हाही गैरसमज आहे. डांबराला जेवढं रबर प्रत्यक्ष टेकतं तेवढी पकड, आणि गुठळ्यांमध्ये ते कमीच टेकतं. रोजच्या प्रवासासाठी मधे सलग पट्टा आणि कडेला बारीक नक्षी असलेला, १.७५ ते २ इंच रुंदीचा टायर सगळ्यात चांगला. घेतानाच दुकानदाराला विचारा, काही जण थोडे पैसे वर घेऊन बदलून देतात.

हवेचं म्हणाल तर सत्तर किलोच्या माणसाने २.१ च्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून सुरुवात करावी, १.७५ असेल तर ४५ ते ५०. पुढच्या चाकात दोन-तीन पीएसआय कमी. टायरवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही, किमान छापली असेल तर तिच्या खालीही जायचं नाही. टायर दगडासारखा फुगवला म्हणजे सायकल पळते, हे आपल्या रस्त्यांवर खरं नाही. जास्त हवा असली की सायकल प्रत्येक खडीवर उडते आणि उडण्यात वेग जातो. या सायकलींना बहुधा स्कूटरसारखाच व्हॉल्व असतो, त्यामुळे कुठेही हवा भरता येते. तरी मीटर असलेला पायपंप घरी ठेवा आणि आठवड्याला हवा बघा.

## २१ गिअर म्हणजे २१ वेग का?

नाही. इथे थोडं गणित करू, कारण जाहिराती याच आकड्यावर चालतात.

पुढे दातांची तीन चाकं, मागे सात, म्हणून २१. अशा सायकलला पुढे ४२, ३४ आणि २४ दात, तर मागे १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८ दात असू शकतात. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागलं की पायडलच्या एका फेरीत मागचं चाक किती फिरतं ते मिळतं. आता पाहा: ४२ भागिले २८ म्हणजे १.५. ३४ भागिले २२ म्हणजे १.५५. २४ भागिले १६ म्हणजे परत १.५. तीन वेगवेगळे गिअर, पण पायाला तिन्ही सारखेच. एखाद्या जिन्याला २१ पायऱ्या आहेत म्हणून सांगावं आणि त्यातल्या कित्येक एकाच उंचीवर असाव्यात, तसं हे आहे.

महत्त्वाची असतात ती दोन टोकं. सगळ्यात जड गिअर ४२ भागिले १४, म्हणजे ३. २७.५ इंची चाकाचा घेर साधारण २.१५ मीटर, म्हणजे पायडलच्या एका फेरीत साडेसहा मीटरच्या जवळपास. मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ताशी ३१ किलोमीटर. सगळ्यात हलका २४ भागिले २८, म्हणजे ०.८६.

आता पुढे एकच ३२ दातांचं चाक आणि मागे ११ ते ४२ दातांची दहा चाकं असलेली सायकल घ्या. जड टोक २.९१, हलकं टोक ०.७६. दहाच गिअर, पण वेग जवळजवळ तेवढाच आणि चढाला आणखी हलका. डाव्या हाताचा शिफ्टर (गिअर बदलायची कळ) नाही, पुढचा डिरेलर (चेन एका चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) नाही, चेन अडकायची एक जागा कमी. बजेटमध्ये बसत असेल तर पुढे एक आणि मागे नऊ किंवा दहा ही रचना मी बिनदिक्कत सुचवेन. पुढे दोन, मागे आठ किंवा नऊ हेही उत्तम. लहान मुलाच्या वेगाने हळू चढायचं असतं तेव्हा हलकं टोकच कामाला येतं, जड टोक महिनोन्महिने वापरात येत नाही.

शिमानोच्या चढत्या क्रमात टूर्नी, ॲल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर अशी नावं दिसतील. या टप्प्यात ॲल्टसपासून वर असावं. मागचा डिरेलर मिरवण्यासाठी चांगला लावायचा आणि शिफ्टर, चेन साधी वापरायची, ही युक्ती बऱ्याच सायकलींत दिसते. म्हणून एकच नाव वाचून थांबू नका.

## मागच्या हबकडे कोणी बघत नाही

हब म्हणजे चाकाचा मधला भाग, ज्यातून एक्सल जातो. एकच प्रश्न विचारा: मागे फ्रीव्हील आहे की कॅसेट? फ्रीव्हील म्हणजे दातांची चाकं आणि टकटक करणारी यंत्रणा एकत्र, हबवर आट्याने बसवलेली. यात उजव्या बाजूचे छर्रे एक्सलच्या टोकापासून बरेच आत असतात. बाहेरचा भाग आधाराविना राहतो आणि जड माणूस, सामान, खड्डे यांनी एक्सल वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये छर्रे पार टोकाशी असल्यामुळे हा त्रास फारसा होत नाही. मागे सात चाकं असतील तर बहुधा फ्रीव्हील, नऊ किंवा जास्त असतील तर बहुधा कॅसेट, आणि आठ असतील तर विचारल्याशिवाय कळत नाही. मागे मुलाची सीट लावणार असाल तर कॅसेटच घ्या. रिम दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियमची आणि आरे स्टेनलेस स्टीलचे असावेत, म्हणजे चाक वारंवार आऊट होत नाही.

## डिस्क ब्रेक, पण कोणते?

डिस्क दोन प्रकारच्या. केबलने ओढली जाणारी ती मेकॅनिकल, तेलाच्या दाबाने चालणारी ती हायड्रॉलिक. मेकॅनिकलमध्ये बहुधा एकच पॅड सरकतो, पॅड झिजेल तसं हाताने जुळवावं लागतं, आणि पावसात केबलच्या आवरणात माती जाऊन लिव्हर जड होतो. हायड्रॉलिक ब्रेक झिजेनुसार आपोआप जुळतो आणि दोन बोटांनी लागतो. मुलाला मागे बसवून उतारावर ओला रस्ता असताना हा फरक फार मोठा असतो. पैसे वाढवायचे झाले तर मी सगळ्यात आधी इथे वाढवेन.

"हायड्रॉलिक बिघडलं तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दुरुस्त करील का?" तो करणार नाही, हे खरंय. पण शहरात गिअर सायकलची दुरुस्ती करणारी दुकानं आता बरीच आहेत आणि नीट वापरलं तर हे काम क्वचितच निघतं. घरात दोन नियम पाळायचे. चाक काढलेलं असताना ब्रेक दाबायचा नाही, पॅड एकमेकांना चिकटून बसतात. आणि चेनला तेल सोडताना डिस्कच्या चकतीवर एक थेंबही उडू द्यायचा नाही, तेलकट पॅड ब्रेक मारत नाहीत आणि बहुधा टाकूनच द्यावे लागतात. सर्व्हिसिंगला दिलेल्या सायकलवर दुकानातला मुलगा सरसकट स्प्रे मारतो तेव्हा शेजारी उभं राहून हे सांगायला संकोच नको.

आणखी एक. स्कूटर-मोटरसायकलला उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. काही आयात सायकलींना तो डाव्या हाताला असतो. ज्याचा हात स्कूटरला सरावलाय त्याने तो उजवीकडे करून घ्यावा, घाबरलेल्या क्षणी हात सवयीनेच चालतो.

## माप: नवरा-बायको एकच सायकल वापरू शकतात का?

उंचीत चार-पाच बोटांचाच फरक असेल तर हो. फ्रेम मात्र कमी उंचीच्या व्यक्तीच्या मापाने घ्यायची. लहान फ्रेमची सीट वर करता येते, मोठ्या फ्रेमचा आडवा दांडा खाली करता येत नाही. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर तीन ते पाच सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. मग बसून हँडल धरा: कोपर किंचित वाकलेलं राहिलं पाहिजे, खांदे पुढे ओढले जाता कामा नयेत. साधारणपणे पाच फूट दोन ते पाच इंचांना एस आणि पाच-सहा ते पाच-दहांना एम बसते, पण कंपनीगणिक फरक पडतो. म्हणून बसून न बघता ऑनलाइन मागवलेली सायकल मला पटत नाही. दोन हजार वाचतात आणि पुढची तीन वर्षं मान दुखते. कमी उंचीला २७.५ ची चाकं सोयीची पडतात, उंच माणसाने २९ घ्यावी.

## ऑफिस आणि मुलं, दोन्हींसाठी फ्रेमवर काय बघायचं?

मागच्या एक्सलजवळ आणि सीटखालच्या नळ्यांवर आट्याची छोटी भोकं आहेत का, ते वाकून बघा. कॅरिअर आणि पूर्ण लांबीचं मडगार्ड त्यांनाच बसतं. कित्येक एमटीबींना ती नसतात, आणि असली तरी काही ठिकाणी डिस्कचा कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) मधे येतो. मग सीटच्या दांड्याला पकडणारा कॅरिअर गळ्यात मारतात. त्याची क्षमता साधारण दहा किलोची. त्यावर डबा आणि लॅपटॉपची बॅग ठीक आहे, मूल नाही. कधीच नाही.

मुलाची सीट फ्रेमला किंवा भक्कम कॅरिअरला पकडणारी असावी, पाच बिंदूंचा पट्टा आणि पाय आऱ्यांत जाणार नाहीत असे बंद पाय-खण असलेली. बहुतेक मागच्या सीटची मर्यादा २२ किलोच्या आसपास असते. कॅरिअरवर वेगळी मर्यादा कोरलेली असते, दोन्हींतली लहान ती खरी. मूल आधाराशिवाय नीट बसायला लागल्यानंतरच, आणि हेल्मेट घालूनच. सीट लावल्यावर आधी तेवढ्या वजनाची तांदळाची पिशवी बांधून सोसायटीत फिरून बघा. थांबताना सायकल किती झुकते ते तेव्हा कळतं.

मुलं स्वतःची सायकल चालवणार असतील, म्हणजे सहा ते नऊच्या वयाला २० इंची आणि नऊ ते बाराला २४ इंची, तर त्यांच्यासाठी शॉकअप अजिबात घेऊ नका. लहान मुलाच्या वजनाने तो दबत नाही आणि सायकल मात्र मुलाच्या मानाने फार जड होते. त्या पैशांत हलकी सायकल आणि त्यांच्या छोट्या बोटांना पोचणारे ब्रेक लिव्हर मिळतात.

## घेतल्यानंतर

पाच टक्के कराने वाचलेल्या दोन हजारांत हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा येतो. यू-आकाराच्या कुलपासाठी वेगळे पैसे काढून ठेवा, आणि चाकं हाताने निघणारी असतील तर पुढच्या चाकातूनही साखळी ओवा.

पहिल्या महिन्यात गिअरची केबल थोडी ताणली जाते आणि आरे आपापल्या जागी बसतात. गिअर उड्या मारायला लागतात, चाक जरासं डुलतं, आणि लोकांना वाटतं सायकल खराब निघाली. तेव्हाच दुकानात नेऊन केबल ओढून आणि दोन्ही चाकांचा आऊट काढून घ्या. पहिली सर्व्हिसिंग बहुतेक दुकानं फुकट करतात, ती बिलावर लिहून घ्या. पावसाळ्यात ओल्या हवेसाठीचं चेनचं तेल वापरा, फोर्कच्या नळ्या फडक्याने पुसून ठेवा, आणि साध्या पट्टीने वर्षातून दोनदा चेन मोजा. चेनचे बारा पूर्ण जोड बरोबर बारा इंच भरायला हवेत. पट्टीवर एक षोडशांश इंचाने पुढे गेले की चेन बदलायची वेळ आली, एक अष्टमांश इंचाने गेले तर ती वेळ निघून गेली आहे आणि मागची कॅसेटही बहुधा खराब झाली आहे.